जामीन मंजूर, सुटका नाही

16 नोव्हेंबर 2005. युगांडाची राजधानी कंपाला. शहराच्या मध्यावर असलेल्या हायकोर्टात त्या दिवशी जामीनअर्जांवर निकाल होता. आरोपी चौदा. आरोप देशद्रोहाचा. हे सगळे वर्षभर, आणि काहीजण त्याहूनही जास्त काळ, तुरुंगात होते; खटला मात्र पुढे सरकत नव्हता. न्यायमूर्ती एडमंड लुगायिझी यांनी चौदाही जणांना जामीन मंजूर केला.

एरवी पुढचे काम कारकुनी असते. जामीनदार पुढे येतात, हमीपत्रावर सह्या करतात, रजिस्ट्रार कागद तपासून शिक्का मारतो. सुटकेचा आदेश तुरुंगात पोचतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस घरी जातो. आपल्याकडच्या कुठल्याही सेशन्स कोर्टाच्या आवारात दुपारी उभे राहिले तर ही लगबग दिसते. जामीनदाराचे ओळखपत्र शोधणारा भाऊ, वकिलाच्या मागे मागे चालणारी आई, शिक्क्यासाठी ताटकळलेली माणसे.

कंपालात त्या दिवशी हमीपत्रे तयार होत असतानाच कोर्टाला वेढा पडला. काळे टी-शर्ट घातलेले, हातात स्वयंचलित बंदुका घेतलेले लोक आवारात शिरले. ते पोलीस नव्हते, तुरुंगाचे शिपाईही नव्हते. लोकांनी त्यांना ‘ब्लॅक माम्बा’ म्हटले, आफ्रिकेतल्या सर्वांत विषारी सापांपैकी एकाच्या नावावरून. आणि हेच नाव पुढे इतिहासात राहिले. कोर्टात तेव्हा आरोपींचे नातेवाईक होते, वकील होते, पत्रकार होते, परदेशी वकिलातींचे अधिकारीही होते. जामिनाचे कागद पुरे होऊ शकले नाहीत. जामीन मिळालेले चौदाही जण त्या रात्री परत लुझिराच्या तुरुंगात गेले.

मुलकी नागरिकावर लष्करी न्यायालयात खटला चालवावा का, हा जगभर चर्चिला जाणारा प्रश्न आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण या प्रश्नाची खरी परीक्षा निकालाच्या दिवशी होत नाही, ती त्याच्या फार आधी, जामिनाच्या टप्प्यावर होते. युगांडाचा वीस वर्षांचा अनुभव हेच सांगतो, म्हणून तो क्रमाने पाहायला हवा.

जंगलातले डॉक्टर

या कथेच्या मध्यभागी दोन माणसे आहेत आणि एके काळी ती एकाच बाजूला होती. योवेरी मुसेवेनी यांनी 1981 मध्ये तेव्हाच्या सरकारविरुद्ध जंगलातून सशस्त्र लढा सुरू केला. पाच वर्षांनी, जानेवारी 1986 मध्ये, त्यांच्या सैन्याने कंपाला घेतले. त्या जंगलातल्या वर्षांत मुसेवेनींच्या प्रकृतीची काळजी घेणारे तरुण डॉक्टर होते किझा बेसिजे. सत्ता आल्यावर ते मंत्री झाले, सैन्यात कर्नलच्या हुद्द्यापर्यंत गेले.

1999 च्या अखेरीस बेसिजे यांनी एक टिपण लिहिले. ज्या तत्त्वांसाठी आपण लढलो ती चळवळ आता वाट चुकली आहे, एका माणसाभोवती गोळा झाली आहे, असा त्याचा आशय होता. ते टिपण बाहेर आले आणि त्यांना कोर्ट मार्शलची धमकी मिळाली. लष्करी न्यायालयाचे नाव त्यांच्या आयुष्यात आले ते तेव्हापासून. पुढे ते सैन्यातून निवृत्त झाले, 2001 ची अध्यक्षीय निवडणूक लढले आणि हरले. त्याच वर्षी देश सोडून दक्षिण आफ्रिकेत गेले.

2005 साल उजाडले तेव्हा युगांडात दोन मोठे बदल होत होते. जुलैमध्ये सार्वमत घेऊन बहुपक्षीय राजकारण पुन्हा सुरू करण्यात आले. त्याच सुमारास संसदेने राज्यघटना दुरुस्त करून अध्यक्षपदासाठी असलेली दोन मुदतींची मर्यादा काढून टाकली. म्हणजे मुसेवेनींना पुन्हा उभे राहण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि त्यांच्याविरुद्ध पक्ष म्हणून उभे राहण्याचा मार्ग विरोधकांनाही मिळाला. निवडणूक फेब्रुवारी 2006 मध्ये होती. 26 ऑक्टोबर 2005 रोजी बेसिजे मायदेशी परतले. गावोगाव त्यांच्या सभांना प्रचंड गर्दी होऊ लागली.

14 नोव्हेंबरला, म्हणजे परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत, त्यांना अटक झाली. आरोप दोन प्रकारचे: एक बलात्काराचा, दुसरा देशद्रोहाचा. ‘पीपल्स रिडेम्प्शन आर्मी’ नावाची बंडखोर सेना काँगोच्या जंगलात उभी राहते आहे आणि बेसिजे यांचा तिच्याशी संबंध आहे, असे सरकारचे म्हणणे होते. याच सेनेचे सदस्य म्हणून बावीस जण आधीपासून तुरुंगात होते. 2004 च्या अखेरीस त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोपपत्र ठेवले गेले होते. अटकेची बातमी पसरताच कंपालाच्या रस्त्यांवर दंगल उसळली.

बावीसपैकी चौदा जणांच्या जामिनावर निकाल लागला तो या अटकेनंतर दोनच दिवसांनी.

1972 ची आठवण

वेढ्याच्या दुसऱ्या दिवशी हायकोर्टाचे प्रमुख न्यायाधीश जेम्स ओगूला यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. न्यायदेवतेच्या मंदिरावर बलात्कार झाला आहे, अशा शब्दांत ते बोलले. पुढे त्यांनी या घटनेवर कविताही लिहिली. त्या भाषणात त्यांनी एका जुन्या घटनेची आठवण करून दिली. बेनेडिक्टो किवानुका यांना कोर्टातून पळवून नेल्यानंतर हायकोर्टावर असा हल्ला झाला नव्हता, असे ते म्हणाले.

किवानुका हे नाव युगांडात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते देशाचे पंतप्रधान होते. इदी अमीनच्या काळात ते सरन्यायाधीश झाले. 1972 च्या सप्टेंबरमध्ये सैनिकांनी पकडून ठेवलेल्या एका ब्रिटिश व्यावसायिकाचा हेबिअस कॉर्पस अर्ज त्यांच्यापुढे आला. लष्कराला कोणालाही अटक करण्याचा अधिकार नाही, असे सांगून किवानुका यांनी त्याच्या सुटकेचा आदेश दिला. थोड्याच दिवसांत अमीनची माणसे हायकोर्टात शिरली आणि सरन्यायाधीशांना त्यांच्या दालनातून ओढून घेऊन गेली. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

1972 चा तो सप्टेंबर भारतीयांनाही आठवतो, पण वेगळ्या कारणाने. त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला होता. गुजराती, पंजाबी आणि गोव्यातून गेलेली कुटुंबे पेट्या बांधत होती. दुकाने, घरे, शाळा, क्लब मागे टाकून विमानतळाच्या रस्त्याला लागत होती. त्यांच्या हकालपट्टीची कहाणी आपण अनेकदा वाचली आहे. त्याच आठवड्यांत, त्याच शहरात, एक न्यायाधीश ‘माणसाला सोडा’ असे लिहिल्याबद्दल जिवाला मुकला, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आल्या होत्या. ज्या देशात सैनिक न्यायाधीशाचा आदेश मानत नाही, तिथे पासपोर्ट, सातबारा, भाडेकरार, कुठलाच कागद माणसाला वाचवू शकत नाही.

म्हणूनच ओगूला यांनी किवानुकांचे नाव घेतले तेव्हा कोर्टात बसलेल्यांना अधिक काही समजावून सांगावे लागले नाही. न्यायमूर्ती लुगायिझी त्या खटल्यातून बाजूला झाले.

एक माणूस, दोन कोर्टे

सरकारने आता दुसरा मार्ग धरला. काही दिवसांतच जामीन मिळालेले चौदा आणि उरलेले आठ असे बावीसही जण लष्कराच्या ‘जनरल कोर्ट मार्शल’पुढे उभे केले गेले. 24 नोव्हेंबरला बेसिजे यांच्यावरही तिथे आरोप ठेवण्यात आले. आरोप होते दहशतवाद आणि बेकायदा शस्त्रे बाळगणे. ज्या घटनांवरून हायकोर्टात देशद्रोहाचा खटला चालू होता, त्याच घटनांवरून हे आरोप होते. कलमे नवी, कहाणी जुनी. कोर्ट मार्शलने सगळ्यांची रवानगी पुन्हा कोठडीत केली.

मुलकी माणूस लष्करी कोर्टात कसा जाऊ शकतो? त्याचे उत्तर युगांडाच्या सैन्यविषयक कायद्यात होते, आणि तो कायदा त्याच वर्षी नव्याने केलेला होता. सैनिकाला गुन्ह्यात मदत करणारा कोणीही, किंवा फक्त सैन्याकडेच असायला हवीत अशी शस्त्रे ज्याच्याकडे सापडली असा कोणीही, लष्करी कायद्याच्या कक्षेत येतो असे त्यात म्हटले होते. या वाक्याची व्याप्ती केवढी आहे ते पाहा. एक बंदूक सापडली, किंवा सापडली असे म्हटले गेले, की दुकानदार, शिक्षक, आमदार, कोणीही एका क्षणात सैनिकाच्या रांगेत जाऊन बसतो. सैनिकाची शिस्त त्याला लागू होते. सैनिकाचा पगार, हुद्दा, संरक्षण मात्र त्याच्या वाट्याला येत नाही.

आणि हे कोर्ट कसले? त्याचे अध्यक्ष आणि सदस्य तेव्हा नेमत असे सैन्याचे सर्वोच्च मंडळ, आणि त्या मंडळाच्या प्रमुखपदी असत देशाचे अध्यक्ष. नेमणूक एक वर्षाची असे. त्या वेळी कोर्टाच्या अध्यक्षपदी होते जनरल एली टुम्वीने, 1981 च्या लढ्यातले मुसेवेनींचे जुने साथीदार. त्या लढ्यात त्यांनी एक डोळा गमावला होता. पेशाने ते चित्रकार, मकेरेरे विद्यापीठात शिकलेले. न्यायाधीश ते कधीच नव्हते. निवडणुकीत मुसेवेनींच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या माणसाचे भवितव्य मुसेवेनींच्या सोबत्यांच्या हाती दिले गेले होते. यात व्यक्तीच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. वरिष्ठाच्या हुकमाखाली काम करणारा माणूस त्याच वरिष्ठाच्या प्रतिस्पर्ध्याला न्याय देऊ शकतो असे कोणालाही वाटणार नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

दुसऱ्याच दिवशी, 25 नोव्हेंबरला, हायकोर्टाने बेसिजे यांना तात्पुरता जामीन दिला. पण ते सुटले नाहीत. जामीन हायकोर्टातल्या खटल्यात मिळाला होता आणि कोर्ट मार्शलचा कोठडीचा हुकूम तसाच उभा होता.

लुझिरा तुरुंगातल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर काय होते याची कल्पना करा. डाव्या हाताला हायकोर्टाचा कागद: या माणसाला सोडा. उजव्या हाताला कोर्ट मार्शलचा कागद: या माणसाला ठेवून घ्या. माणूस एकच. राज्यघटनेनुसार हायकोर्ट वरचे. पण पहिल्या कागदामागे एक न्यायाधीश आणि त्याची सही होती, दुसऱ्यामागे सगळे सैन्य होते. अधिकाऱ्याने दुसरा कागद मानला. सोळा तारखेला बंदुका घेऊन जे करावे लागले होते, ते आता एका कागदाने होऊ लागले. वेढ्याची गरजच उरली नाही. म्हणून मला हा क्षण काळ्या टी-शर्टच्या दृश्यापेक्षाही जास्त गंभीर वाटतो.

साठ दिवस, एकशे ऐंशी दिवस

इथे युगांडाच्या राज्यघटनेतल्या जामिनाच्या तरतुदीकडे वळायला हवे, कारण ती आपल्याला परकी वाटणार नाही. ब्रिटिश अमलात भारतीय दंडसंहिता आणि भारतीय फौजदारी प्रक्रिया संहिता 1930 पर्यंत युगांडातही लागू होत्या. आपल्या जिल्हा कोर्टातल्या वकिलाला तिथल्या कायद्याची भाषा ओळखीची वाटते ती त्यामुळे.

1995 च्या युगांडाच्या घटनेतले तेविसावे कलम व्यक्तिस्वातंत्र्याचे आहे. पकडलेल्या माणसाला अठ्ठेचाळीस तासांच्या आत न्यायालयापुढे आणले पाहिजे, जामीन मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि खटला ठरावीक दिवसांत सुरू झाला नाही तर न्यायालयाने त्याला जामिनावर सोडलेच पाहिजे, असे ते सांगते. 2005 च्या घटनादुरुस्तीने ही मुदत निम्मी केली: साध्या गुन्ह्यांसाठी 120 ऐवजी 60 दिवस, आणि ज्यांचा खटला फक्त हायकोर्टच चालवू शकते अशा गंभीर गुन्ह्यांसाठी 360 ऐवजी 180 दिवस. आपल्याकडे साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही तर ‘डिफॉल्ट’ जामीन मिळतो, त्याच जातीचा हा विचार. सरकारला खटला चालवायचा असेल तर चालवावा. पण खटल्याशिवाय माणसाला अनिश्चित काळ डांबून ठेवता येणार नाही. अध्यक्षपदाची मुदतमर्यादा काढणाऱ्या त्याच वर्षाने नागरिकाला हेही दिले, हे नोंदवायला हवे.

पण दिवस मोजायचे कोणी, आणि कुठून? एकाच माणसावर एक घड्याळ हायकोर्टात चालू आणि दुसरे कोर्ट मार्शलमध्ये चालू, असे झाले की हक्काची मुदत कधीच भरत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा. वीस वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

तुरुंगातला उमेदवार

14 डिसेंबरला उमेदवारी अर्जांची मुदत संपत होती. तुरुंगातला माणूस अर्ज भरू शकतो का, यावर वाद झाला. महाधिवक्त्यांचा सल्ला विरुद्ध होता, पण निवडणूक आयोगाने बेसिजे यांचा अर्ज स्वीकारला. ते लुझिरात होते आणि त्यांच्या वतीने इतरांनी अर्ज दाखल केला. 2 जानेवारी 2006 रोजी न्यायमूर्ती जॉन बॉस्को कटुत्सी यांनी त्यांची कोठडी बेकायदा ठरवून सुटकेचा आदेश दिला, आणि या वेळी ते खरोखर बाहेर आले. प्रचाराला उरले होते सात आठवडे. त्यातलेही बरेच दिवस कोर्टाच्या तारखांत गेले.

31 जानेवारी 2006 रोजी घटनापीठाचा निकाल लागला. दावा केला होता युगांडाच्या वकील संघटनेने, ‘युगांडा लॉ सोसायटी’ने. घटनापीठाने म्हटले की हायकोर्टाला घातलेला वेढा घटनाबाह्य होता. दहशतवादाचा आरोप चालवण्याचा अधिकार कोर्ट मार्शलला नव्हता. आणि एकाच घटनेवरून दोन कोर्टांत एकाच वेळी खटले चालवणे हा आरोपींच्या न्याय्य खटल्याच्या हक्काचा भंग होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 2009 मध्ये तिथेही हरले.

23 फेब्रुवारीला मतदान झाले. मुसेवेनींना सुमारे 59 टक्के आणि बेसिजे यांना सुमारे 37 टक्के मते मिळाली. 7 मार्चला न्यायमूर्ती कटुत्सी यांनी बलात्काराच्या आरोपातून बेसिजे यांना निर्दोष सोडले.

बेसिजे बाहेर होते, पण त्यांच्याबरोबरचे लोक आतच होते. घटनापीठाने त्यांच्या बाजूने निकाल देऊनही त्यांना सोडले गेले नाही. मोठ्या नेत्यासाठी परदेशी वकिलाती विचारपूस करतात, वर्तमानपत्रे मथळे देतात. वेस्ट नाइल भागातल्या खेड्यातून उचललेल्या माणसासाठी कोण विचारणार? जामिनाचा हक्क सर्वांत जास्त लागतो तो अशा माणसाला.

दुसरा वेढा

1 मार्च 2007 रोजी याच आरोपींना पुन्हा हायकोर्टाने जामीन दिला, आणि तेच सगळे पुन्हा घडले. सशस्त्र दलांनी कोर्टाला वेढा घातला. तासन्‌तास ओढाताण चालली. एका वकिलाला रक्त येईपर्यंत मारहाण झाली. जामिनावर सुटलेल्यांना कोर्टाच्या आवारातच पुन्हा पकडून नेण्यात आले.

या वेळी न्यायाधीश गप्प बसले नाहीत. त्यांनी काम बंद केले. सर्वोच्च न्यायालयापासून खालपर्यंत युगांडाची न्यायव्यवस्था जवळपास आठवडाभर थांबली. वकील संघटनाही संपावर गेली. न्यायाधीशांनी संप करावा ही साधी गोष्ट नाही. न्यायाधीश रस्त्यावर येत नाहीत, घोषणा देत नाहीत. त्यांचे सगळे बळ त्यांच्या आदेशात असते. तो आदेश पाळलाच जाणार नसेल, तर खुर्चीवर बसण्याला अर्थ नाही, हे त्यांनी काम थांबवून सांगितले. अध्यक्षांनी खेद व्यक्त केला, पुन्हा असे होणार नाही असे आश्वासन दिले, आणि न्यायालये सुरू झाली.

दरम्यान आरोपींनी देशाबाहेरचे दार ठोठावले होते. टांझानियातल्या अरुशा शहरात पूर्व आफ्रिकी समुदायाचे न्यायालय आहे. जेम्स कटाबाझी आणि इतर एकवीस जणांनी तिथे दावा लावला. युगांडा सरकारने आक्षेप घेतला की या न्यायालयाला मानवी हक्कांचे दावे चालवण्याचा अधिकारच नाही. आणि बचाव असा केला की सशस्त्र दले कोर्टात गेली ती आरोपी जामीन तोडून पळून जाऊन पुन्हा बंडात सामील होऊ नयेत म्हणून.

1 नोव्हेंबर 2007 रोजी निकाल आला. न्यायालयाने म्हटले की मानवी हक्कांचे दावे चालवण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही; पण समुदायाच्या करारात कायद्याचे राज्य हे तत्त्व आहे, आणि त्याचा अर्थ लावण्याच्या आमच्या कामापासून आम्ही केवळ मानवी हक्कांचा उल्लेख आला म्हणून पळ काढणार नाही. न्यायालयाच्या कायदेशीर आदेशाची अंमलबजावणी शस्त्रबळाने रोखणे हा त्या तत्त्वाचा भंग आहे. अरुशाचा हा निकाल आफ्रिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आज शिकवला जातो.

सरकारच्या बचावाचा विचारही प्रामाणिकपणे केला पाहिजे. सशस्त्र बंडाची भीती खोटीच असते असे नाही; पूर्व आफ्रिकेने ती पुरेपूर भोगली आहे. जामिनावर सुटलेला आरोपी पळून जाऊ शकतो, हेही खरे. पण त्यासाठीच तर जामिनाच्या अटी असतात. जामीनदार, रक्कम, पासपोर्ट जमा करणे, ठाण्यात हजेरी हे सगळे त्या भीतीवरचे उपाय आहेत. सरकारी वकील अर्जाला विरोध करू शकतो, वरच्या कोर्टात जाऊ शकतो. हे सगळे मार्ग उघडे असताना बंदूक आणली जाते, तेव्हा भीती आरोपी पळण्याची नसते. आपले पुरावे न्यायाधीशापुढे टिकणार नाहीत, ही ती भीती असते.

तसेच झाले. ऑक्टोबर 2010 मध्ये घटनापीठाने बेसिजे आणि सहआरोपींवरचा देशद्रोहाचा खटला रद्द केला. आरोपींच्या हक्कांची इतकी पायमल्ली झाली आहे की आता न्याय्य खटला शक्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. अटकेपासून निकालापर्यंत पाच वर्षे गेली आणि हाती आले नुसते रिकामे आरोपपत्र.

वाट मात्र उघडीच राहिली

लष्करी कायद्यातले ते कलम तसेच होते. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने 2011 साली सांगितले की 2002 पासून हजाराहून अधिक मुलकी लोकांवर युगांडाच्या लष्करी न्यायालयांत खटले चालले. त्यांतली बहुतेक साधी, अनामिक माणसे होती.

2018 च्या ऑगस्टमध्ये गायक आणि खासदार बॉबी वाइन यांना अरुआमध्ये अटक झाली. त्यांच्या गाडीचा चालक गोळीबारात मारला गेला होता. त्यांना गुलूच्या लष्करी न्यायालयापुढे नेऊन बेकायदा शस्त्रे बाळगल्याचा आरोप ठेवला गेला. 23 ऑगस्टला लष्कराने तो आरोप मागे घेतला आणि त्यांना मुलकी न्यायालयात देशद्रोहाच्या आरोपाखाली उभे केले. चार दिवसांनी, 27 ऑगस्टला, गुलूच्या हायकोर्टाने त्यांना जामीन दिला. माणूस तोच आणि महिनाही तोच. बदलले ते फक्त कोर्ट.

मायकेल काबाझिगुरुका नावाच्या खासदाराला 2016 मध्ये लष्करी न्यायालयात उभे केले गेले. त्याने मुलकी माणसावर खटला चालवण्याच्या त्या न्यायालयाच्या अधिकारालाच आव्हान दिले. 2021 मध्ये घटनापीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केले आणि निकालाला स्थगिती मिळाली. अपील साडेतीन वर्षे पडून राहिले.

16 नोव्हेंबर 2024 रोजी, पहिल्या वेढ्याला बरोबर एकोणीस वर्षे झाली त्या दिवशी, बेसिजे यांना शेजारच्या केनियात, नैरोबीतून उचलण्यात आले. चार दिवसांनी ते कंपालाच्या मकिंडये टेकडीवरच्या लष्करी न्यायालयात उभे होते. सोबत सहकारी ओबेद लुटाले. बेसिजे यांचे वय अडुसष्ट. सैन्यातून निवृत्त होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटलेला. जानेवारी 2025 मध्ये त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एरॉन कीझा या वकिलालाच त्या कोर्टाने अवमानाबद्दल नऊ महिने कैदेची शिक्षा दिली; एप्रिलमध्ये हायकोर्टाने त्याला जामिनावर सोडले.

31 जानेवारी 2025 रोजी, घटनापीठाच्या पहिल्या निकालाच्या तारखेलाच, सर्वोच्च न्यायालयाने काबाझिगुरुका खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश अल्फोन्स ओविनी-डोलो यांच्या खंडपीठाने सांगितले की लष्करी न्यायालये मुलकी नागरिकांवर खटले चालवू शकत नाहीत, आणि चालू असलेले असे सर्व खटले मुलकी न्यायालयांकडे पाठवा. अध्यक्षांनी निकाल चुकीचा असल्याचे जाहीर केले. बेसिजे तरीही लष्करी हुकमाखालीच तुरुंगात राहिले. त्यांनी उपोषण सुरू केले, तब्येत ढासळली, आणि अखेर 21 फेब्रुवारीला त्यांना मुलकी न्यायालयात आणून देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला. जूनमध्ये नवा कायदा आला आणि मुलकी लोकांसाठी लष्करी न्यायालयाचे दार पुन्हा किलकिले झाले.

आता ते घड्याळ आठवा. बेसिजे यांनी 180 दिवसांच्या तरतुदीखाली सक्तीचा जामीन मागितला. लष्करी न्यायालयात उभे केले त्या दिवसापासून मोजले तर मुदत मे महिन्यातच भरली होती. 8 ऑगस्ट 2025 रोजी हायकोर्टाने अर्ज फेटाळला. दिवस 21 फेब्रुवारीपासून मोजायचे, असे न्यायाधीशांनी म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ज्या न्यायालयाला अधिकारच नाही असे ठरवले, त्याच्या हुकमाने भोगलेले तीन महिने हिशेबात धरलेच गेले नाहीत.

युगांडाच्या न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा धैर्य दाखवले. किवानुकांनी त्यासाठी प्राण दिले, ओगूला बोलले, कटुत्सींनी आदेश लिहिले, अख्ख्या न्यायव्यवस्थेने संप केला. हे सगळे करूनही दार पुरते बंद झाले नाही, कारण मुलकी माणसाला लष्करी कोर्टात नेणे हे सत्तेला मुख्यतः शिक्षेसाठी लागत नाही. शिक्षा फार थोड्या नेत्यांना झाली. ते लागते जामीन निष्फळ करायला, आणि निवडणुकीच्या हंगामात एखाद्याला आत ठेवायला. खटला हरला तरी चालतो. तोवर हंगाम सरलेला असतो.

आपल्याकडे जामिनाच्या बातम्या रोज येतात आणि आपण त्या आरोपीचे नाव पाहून वाचतो. नाव आवडीचे असेल तर आनंद, नावडते असेल तर संताप. कंपालातल्या त्या चौदा जणांची नावे आपल्याला माहीत नाहीत, आणि ते निर्दोष होते की नाही हेही कोणत्या न्यायालयाने साक्षीपुराव्यांनिशी कधी ठरवले नाही. ठरवण्याची संधीच राहिली नाही. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या कोर्टाने जामीन मंजूर केल्याची बातमी वाचाल, तेव्हा नावापाशी थांबू नका. तो माणूस त्या संध्याकाळी घरी पोचला का, एवढे विचारा.